कागद रिकामा ठेवू नकोस

संगणक अडकला, एवढंच झालं. तसा तो आठवड्यातून दोनदा अडकतोच, कुणी मनावर घेत नाही. पण त्या शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला तो अडकला तेव्हा पडद्यावर एक चित्र होतं, आणि एरवी तीन सेकंदांत पुढे ढकलायचं ते चित्र मास्तरांना जवळजवळ चार मिनिटं बघत बसावं लागलं. मास्तर हे त्यांचं ऑफिसातलं नाव. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून ते चिकटलं, आणि आता घरी हाक मारायला कुणी नसल्यामुळे तेवढंच उरलं होतं. मुलांसाठी धडे, गोष्टी, प्रयोगांचे व्हिडिओ बनवणारं एक संकेतस्थळ, त्याचं हे ऑफिस. मुलं तिथे आपली चित्रं पाठवत, रोज दोनशे-अडीचशे. ती सगळी मास्तर बघत, प्रत्येकाला काहीतरी उत्तर धाडत, आणि दर शुक्रवारी पाच वाजता त्यातलं एक पहिल्या पानावर लावत. आठवड्याचं चित्र. नऊ वर्षं त्यांनी हे काम नाकासमोर बघून केलं होतं, आणि आपल्या हातून एकही चुकीची निवड झाली नाही असं ते चहाच्या वेळी, कुणी विचारलं नाही तरी, सांगत.

चित्रात एक खोली होती. लाल पडदे, पिवळी भिंत, फुलदाणी, खिडकीत झाड, झाडावर पक्षी, पक्ष्याच्या चोचीत आणखी काहीतरी, आणि मधोमध तीन हसरी माणसं. जमिनीवरच्या सतरंजीलासुद्धा नक्षी. कागदावर बोट टेकायला जागा म्हणून नव्हती. असल्या चित्रांना मास्तर आज्ञाधारक चित्रं म्हणत. काढणाऱ्याला काढायचं काहीच नसतं, कुणीतरी सांगितलं म्हणून काढलेलं असतं, असं त्यांचं मत. त्यांनी बटणावर दोनदा बोट मारून पाहिलं. चित्र हललं नाही. शेजारच्या टेबलावरची, धड्यांना आवाज देणारी बाई म्हणाली, "माझंही अडकलंय, मास्तर. घ्या थोडी विश्रांती, डोळ्यांना बरं." म्हणून ते मागे रेलले, चष्मा पुसून परत लावला, आणि मग त्यांना खुर्ची दिसली. हसऱ्या माणसांच्या मागे, निम्मी झाकलेली. तीन पाय जमिनीवर, चौथा आखूड आणि तो रंगाच्या एका रिकाम्या डब्यावर टेकलेला. डब्याच्या काठावरून निळा ओघळ खाली आला होता आणि अर्ध्यावर त्याला दोन फाटे फुटले होते.

ती खुर्ची त्यांच्या घरी होती. आज सकाळीच तिच्यावर बसून त्यांनी बुटाच्या नाड्या बांधल्या होत्या. पाय मोडला त्या दिवशी त्यांनीच तो डबा खाली सरकवला होता, उद्या सुतार बोलावू म्हणून; त्या उद्याला आता सहा वर्षं झाली होती. डबा खिडक्या रंगवल्या तेव्हाचा. निळा ओघळ कसा आला हेही त्यांना माहीत होतं, कारण तो येताना बघणारं त्या घरात आणखी एक माणूस होतं, सात वर्षांचं, हातात ब्रश, अंगात बापाचा जुना शर्ट गुडघ्यापर्यंत. ओघळ खाली चालला तसं ते ओरडलं होतं, "बाबा, नदी," आणि फाटा फुटल्यावर हळूच म्हणालं होतं, "हरवली दुसरीकडे." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली होती, फरशीवरची ती नदी पुसायची कुणी? सगळे हसले होते. त्या घरात हसणं होत असे, हे मास्तर गेली काही वर्षं सोयीने विसरले होते.

संगणक सुटला. पुढचं चित्र आलं, कुणाचीतरी आगगाडी. मास्तरांनी ते मागे घेतलं. नियम असा की निवडण्याआधी नाव बघायचं नाही. नाव, गाव, वय सगळं झाकलेलं, म्हणजे कुणावर मेहेरबानी नको. निवडीचं बटण दाबलं तरच झाकण उघडतं, आणि पाचच्या आत निवड बदलताही येते. ही युक्ती मास्तरांचीच. नऊ वर्षांत त्यांनी नुसतं नाव बघण्यासाठी ते बटण कधी दाबलं नव्हतं. आता दाबलं. टोपणनाव: शेंग. वय: तेरा. खाली बारीक अक्षरात, उद्या चौदा पूर्ण, त्यानंतर या विभागात चित्र पाठवता येणार नाही. उद्या कुणाचा वाढदिवस आहे हे मास्तरांना सोमवारपासून माहीत होतं आणि सोमवारपासून ते तो आठवायचा नाही म्हणून दात ओठ खाऊन कामाला भिडले होते. बारीक, लांब, हिरव्या फ्रॉकमधली मुलगी, तिला शेंग कुणी म्हणायला सुरुवात केली? त्यांनीच. पालकाचा ईमेल या रकान्यात एक पत्ता होता, तोही त्यांचाच. जुना. वकिलांची पत्रं त्यावर यायला लागली तेव्हा त्यांनी तो उघडायचंच सोडून दिलं होतं. मुलाने चित्र पाठवलं की पालकाला पत्र जातं: तुमच्या पाल्याचं नवं चित्र आलं आहे, जरूर बघा. तेही वाक्य त्यांचंच. त्याच्याखाली आकडा होता, एकूण पाठवलेली चित्रं, एकेचाळीस.

दुःख नंतर आलं, आधी लाज आली. माणूस भर रस्त्यात पडला की आधी इकडेतिकडे बघतो ना, तसं त्यांनी बघितलं. आवाज देणारी बाई हेडफोन लावून ज्वालामुखीचा धडा बोलत होती. पलीकडे संपादकबाई फोनवर. कुणाचं लक्ष नव्हतं. एकेचाळीस चित्रं, अडीच वर्षं. म्हणजे दर तीन आठवड्यांनी ती बापाच्या टेबलावर आली होती, समोर उभी राहिली होती आणि बापाने तिच्याकडे तीन सेकंद बघून पुढचं बटण दाबलं होतं. आणि हा बाप अडीच वर्षं लोकांना सांगत काय होता, तर मी तिला त्रास देणार नाही, तिला वाटेल तेव्हा ती बोलेल. घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशांनी तिला आतल्या खोलीत नेऊन विचारलं होतं, बाबांशी बोलायचंय का, तर ती नाही म्हणाली होती. अकरा वर्षांची पोर, त्या दिवशी नाही म्हणाली. मास्तरांनी ते नाही दगडावर कोरून घेतलं. जवळचे म्हणाले, अरे फोन कर, मुलं अशीच बोलतात. मास्तर म्हणाले, तिच्या मताचा मान राखायला हवा. केवढा अभिमान होता त्यांना त्या मान राखण्याचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसासुद्धा घातला नव्हता. नुसते बसून होते.

ते चित्रं पहिल्यापासून उघडत गेले आणि प्रत्येकाखाली गेलेलं उत्तर वाचत गेले. उत्तरं म्हणजे सहा वाक्यं. मुलांना स्वतंत्र काही लिहायची परवानगी नव्हती, ते बरोबरच होतं, परक्या मोठ्या माणसाने मुलांना काय वाटेल ते लिहावं असं थोडंच आहे? म्हणून सहा बटणं, सहा वाक्यं, आणि ती मास्तरांनी एका दुपारी बसून लिहिलेली. छान, पण कागद रिकामा ठेवू नकोस. आणखी रंग वापरून बघ. चित्रात माणसंही येऊ देत. मागे काय दिसतं तेही काढ. रेषा ठळक हवी. आवडलं, पुढचं लवकर पाठव. कुठल्या चित्राला कुठलं द्यायचं याचा फार विचार ते करत नसत. बोट जिथे पडेल तिथे पडे, सहांपैकी काही ना काही प्रत्येकाला लागू होतंच. आणि ती वाक्यं बाबांचीच, हे शेंगेला ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना एका सुटीच्या दिवशी ती इथे, याच टेबलाशी, त्यांच्या मांडीवर मावत नसताना मांडीवर बसली होती. बटणं दाबायला मिळावीत म्हणून. "ही वाक्यं कोण लिहितं?" तिने विचारलं होतं. "मीच. सहाच आहेत, पण पुरतात." "आणि चित्र कुणाचं ते तुला दिसत नाही?" "नाव झाकलेलं असतं." "मी पाठवलं तरी नाही कळणार?" आणि मास्तर, तोंडात चहा, एका हाताने तिची वेणी बाजूला करत म्हणाले होते, "तुझं होय? तुझं मी डोळे मिटून ओळखीन."

पहिल्या चित्राखाली उत्तर होतं, कागद रिकामा ठेवू नकोस. दुसऱ्या चित्रात तिने भिंत रंगवली होती. त्याखाली, आणखी रंग वापरून बघ. तिसऱ्यात लाल पडदे आले. चित्रात माणसंही येऊ देत. चौथ्यात एक माणूस, पाठमोरा. पाचव्याला पुन्हा तेच उत्तर गेलं, तर सहाव्यात माणसं तीन झाली आणि आपल्याकडे वळून हसू लागली. मागे काय दिसतं तेही काढ. खिडकी आली, झाड आलं. रेषा ठळक हवी. सगळ्या खोलीला काळी जाड किनार आली. पुढचं लवकर पाठव म्हटलं त्या वेळी दुसऱ्याच दिवशी चित्र आलं होतं, तारखा समोर होत्या. एका पोरीने बापाचं प्रत्येक वाक्य, बोट जिथे पडलं तिथलं वाक्य, खरं मानून पाळलं होतं. आणि जसजशी खोली भरत गेली तसतशी खुर्ची मागे सरकत गेली, आधी अर्धी, मग पाठीचा कठडा तेवढा, मधल्या दहा चित्रांत तर पडद्याआड नुसता डबा. तरी डबा प्रत्येकात होता. एकातही ती तो विसरली नव्हती. एकेचाळिसाव्यात तिने खुर्ची पुन्हा थोडी पुढे ओढली होती. शेवटचंच चित्र म्हणून ओढली असेल. मास्तरांना हुंदका आला तो त्यांनी खोकल्यात घातला, आणि आवाज देणारी बाई हेडफोन काढून म्हणाली, "पाणी प्या, मास्तर. ज्वालामुखीत तुमचा खोकला आला, आता परत बोलायला लावणार मला."

आणि पहिलं चित्र. त्याकडे ते पुन्हा पुन्हा जात राहिले. नुसती पेन्सिल. मोठा कोरा कागद, त्याच्या खालच्या डाव्या बाजूला खुर्ची, चौथ्या पायाखाली डबा, दोन फाट्यांचा ओघळ, बस्स. बाकी सगळं मोकळं. पण ते मोकळं असं होतं की खुर्चीवरून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय हे कळत होतं, आणि ते परत येणार नाही हेही. अकरा वर्षांच्या हाताने हे कसं काढलं? शाळेत वीस वर्षं शिकवून मास्तरांना कुठल्या मुलाकडून असा कागद मिळाला नव्हता. नऊ वर्षांत पहिल्या पानावर लागलेलं एकही चित्र याच्या जवळपास जात नव्हतं. आणि हे आपण पाहिलंय असं त्यांना काही केल्या आठवेना. कितीही ताण दिला तरी नाही. तारीख साधी मंगळवारची होती. त्या मंगळवारी सकाळी त्यांचे दात दुखत असतील, किंवा बस चुकली असेल, किंवा काहीच झालं नसेल. एक खुर्ची समोर आली, तीन सेकंद राहिली आणि गेली. रिकामा कागद दिसला, म्हणून पहिलं बटण.

दुपारभर ते तिथेच बसून होते. बाकीची चित्रं साचत गेली. त्यांना हवं ते एकच होतं, आणि ते करायला वेळ होता पाचपर्यंत. निवडलेल्या चित्राखाली निवडणाऱ्याने आपल्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या असत. साऱ्या संकेतस्थळावर तेवढीच एक जागा होती जिथून त्यांना तिच्याशी सहांच्या बाहेरचं काही बोलता आलं असतं, आणि उद्यापासून तीही नव्हती. तिथे काय लिहायचं तेही त्यांना माहीत होतं. पहिलं चित्र मात्र निवडता येत नव्हतं, महिन्याच्या आतलंच हवं असा नियम. बटण दाबलं तर ते राखाडीच राहिलं. उरलं एकेचाळिसावं. ते निवडता येत होतं. ते पाचपर्यंत निवडलेलंच राहू द्यायचं, दोन ओळी लिहायच्या, संध्याकाळी तिच्या घरी कुठल्यातरी पडद्यावर लाल पडद्यांची खोली झळकणार, आणि ती म्हणणार, ओळखलं. ते उठून संपादकबाईंच्या टेबलाशी गेले. "समजा, एखादं चित्र ओळखीच्या मुलाचं निघालं, तर काय करायचं?" बाईंनी वर पाहिलं. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण वागायला समंजस. "कुणाचं निघालं?" "असंच विचारतोय." "मास्तर, तो नियम तुम्हीच लिहिलाय. मी इथे आले तेव्हा भिंतीवर चिकटवलेला होता. नातलगांचं बाद." मग त्यांचा चेहरा बघून म्हणाल्या, "बसा ना जरा. बरं वाटत नाहीये का?" मास्तर म्हणाले, बरंय, आणि परत आले.

नियम मोडायची भीती त्यांना वाटत नव्हती, हे खरं तर त्यांनाच नवल होतं. नोकरी गेली तर गेली. दुसरंच काहीतरी आड येत होतं. ती दहा वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या स्पर्धेला त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. साठ-सत्तर चित्रं, दोऱ्यांना टांगलेली. तिचं सगळ्यात चांगलं होतं, वादच नव्हता. त्यांनी पहिलं बक्षीस दुसऱ्या मुलाला दिलं, दुसरं आणखी कुणाला, आणि तिला काहीच नाही, कारण लोक काय म्हणतील, परीक्षकाची पोर. घरी येताना ती पूर्ण रस्ताभर त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होती. रात्री बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, न्याय करायला जग पडलंय, घरात नुसता बाप हो की. भांडण त्यावरून झालं नाही. त्यांची भांडणं मोठी नव्हती, लांब होती. पण शेंगेने विचारलं होतं, झोपायला जाताना, दारातून, "बाबा, माझं वाईट होतं का?" आणि ते म्हणाले होते, "तुझ्यापेक्षा त्याला गरज जास्त होती." तेव्हा खरं चांगलं असून खोटं बोललो. आता एकेचाळिसावं वाईट आहे, ठार मेलेलं चित्र आहे, आपणच थेंबथेंब मारलेलं, आणि आता ते पहिल्या पानावर लावून सांगायचं की हेच चांगलं? सांगितलं की ती तेच खरं मानणार. सगळं खरंच तर मानत आली होती. मग उद्यापासून जन्मभर खोल्या भरत बसेल. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला ती आज संध्याकाळी पडदा उघडून बसलेली, आणि तिथे दुसऱ्याच कुणाचं चित्र. मास्तरांना वाटलं, आपण हात लावू तिथे हे असंच होणार. काहीही केलं तरी चुकीचंच, आणि सगळं आपल्याच हाताने मांडलेलं.

पाच वाजायला सात मिनिटं असताना त्यांनी शेंगेच्या चित्रावरची निवड काढली आणि सकाळी बाजूला ठेवलेलं दुसरं चित्र लावलं. सात वर्षांच्या मुलाचं होतं: आई दात घासतेय, आणि फेस चेहऱ्यापेक्षा मोठा. खरोखर चांगलं होतं ते. खालच्या दोन ओळी त्यांनी नीट लिहिल्या. त्या पोराचा काय दोष? मग शेंगेचं चित्र उरलं, उत्तराशिवाय. सहा बटणं उजव्या बाजूला चमकत होती. त्यांनी सहाही वाक्यं पुन्हा वाचली, कधी वाचली नव्हती अशी, आणि एकाला बोट लावायचा त्यांना धीर झाला नाही. खिशातून फोन घेऊन ते जिन्यात गेले. नंबर पाठ होता. अडीच वर्षं पाठच होता, हेच तर.

जिन्यात खालच्या मजल्यावरून कुणीतरी फरशी पुसल्याचा वास येत होता. चार वेळा घंटा वाजली. "बोल," बायको म्हणाली. आता बायको नव्हती, पण बोल तसंच म्हणाली. "उद्या तिचा वाढदिवस," मास्तर म्हणाले. "आठवण झाली, बरं झालं." "ती आहे?" "आहे. फोनवर यायची नाही. उगाच आग्रह करू नकोस, मला मध्ये घालून." "चित्रं काढते का?" "काढायची. आज शाळेतून आली आणि रंगपेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. मी विचारलं का गं, तर म्हणाली, बस झालं. आताही संगणक उघडून बसलीय आणि नुसती बघतेय." मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. पाच वाजून गेले होते. दात घासणारी आई झळकली असणार. "तिला एक निरोप दे," ते म्हणाले. "आत्ता दे, फोन चालू ठेवून. सांग, बाबांनी तुझं चित्र ओळखलं." "कुठलं चित्र?" "तिला कळेल. सांग ना, तुझ्या पाया पडतो."

पाया पडतो हे त्यांनी आयुष्यात तिला कधी म्हटलं नव्हतं. बहुतेक त्यामुळेच ती उठली. तिची पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं. मग तिचा आवाज, थोडा लांबून, "बाबांचा फोन आहे. म्हणतोय, तुझं चित्र ओळखलं." मास्तरांनी फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. पंख्याचा आवाज येत होता, की रस्त्याचा. आणि मग एक आवाज आला, अडीच वर्षांत जाड झालेला, त्यांनी नावाशिवाय खरोखर डोळे मिटून ओळखला असता असा. तिने एवढंच विचारलं,

"कितवं?"

बायको फोनवर परत आली. "विचारतेय, कितवं. काय चाललंय तुमचं, मला काही कळत नाही." मास्तरांना पहिलं म्हणता आलं असतं. पहिलंच तर त्यांना आवडलं होतं, पहिल्यावर ते तासभर बोलले असते, आणि एक शब्द म्हटला की सगळं सुटत होतं. त्यांनी तोंड उघडलं. खाली कुणीतरी बादली सरकवली. पण पहिलं त्यांनी ओळखलं नव्हतं. ते म्हणाले, "एकेचाळिसावं."

"एकेचाळिसावं म्हणतोय," बायको खोलीत म्हणाली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, नवी खुर्ची असेल, चारही पाय सारखे घासले. पावलं फोनच्या दिशेने येतायत की दुसरीकडे जातायत, हे मास्तरांना ओळखता येईना. ते पायरीवर तसेच बसून राहिले, फोन कानाशी धरून.